विमानविद्येचे आचार्य कै. डॉ. विष्णु माधव घाटगे

चैत्र-वैशाखांत आमच्या खानदेशांत वारा कसा सुटतो, हें येथील मुलांस सांगावयास नको. तापीकांठचा शेतकरी केळीच्या बागेभोंवतीं शेवरीची दाट रांग लावितो, ती या वाऱ्याचा जोर मोडावा म्हणून. आणि सुगीच्या दिवसांत पांझरेकांठचा कुणबी धान्य उफणावयास तिवईवर चढतो, तो याच वाऱ्याची वाट पाहत. वारा आला तर भूस एकीकडे व दाणा एकीकडे होतो. वारा पडला तर सूप हातांत धरून उगाच उभें राहावें लागतें. हजारों वर्षें मनुष्यानें वाऱ्याशीं असाच व्यवहार केला. कधीं त्यास अडविलें, कधीं त्याची वाट पाहिली. परंतु वाऱ्यास घरांत आणावें, हव्या त्या वेगानें वाहावयास लावावें, आणि त्यास प्रश्न विचारून त्याचीं उत्तरें लिहून घ्यावीं, ही कल्पना अवघी दीडशें वर्षांची आहे. या विद्येची दीक्षा जर्मनींतील एका थोर गुरूपाशीं घेऊन ती आपल्या देशांत रुजविणारे एक महाराष्ट्रीय गृहस्थ होऊन गेले. त्यांचें नांव डॉ. विष्णु माधव घाटगे. त्यांचें चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें आज ठेवीत आहों.

घाटगे यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९०८ रोजीं, आजच्या कोल्हापूर जिल्ह्यांतील गडहिंग्लज तालुक्याच्या हसूरचंपू या खेड्यांत झाला. त्या वेळीं अमेरिकेंतील राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणास पुरीं पांच वर्षेंही झालीं नव्हतीं, आणि भारताच्या आकाशांत तर एकही विमान उडालें नव्हतें. ज्या यंत्राच्या अभ्यासांत या मुलाचें सारें आयुष्य जावयाचें होतें, तें यंत्र त्याच्या गांवांतील कोणाच्या स्वप्नांतही आलें नसेल. गणित व पदार्थविज्ञान या विषयांची त्यांस विशेष आवड होती. मुंबई विद्यापीठाचें उच्च शिक्षण पुरें करून ते जर्मनीस गॉटिंगेन येथें गेले आणि प्रोफेसर लुडविग प्रांट्ल यांचे शिष्य झाले.

येथें क्षणभर थांबून वाऱ्याचा बोगदा म्हणजे काय, हें समजून घेतलें पाहिजे; कारण त्यावांचून घाटगे यांच्या कार्याचें मोल कळणार नाहीं. स्थिर हवेंतून विमान धांवलें काय, किंवा विमान जागीं ठेवून त्याच्यावरून तितक्याच वेगानें हवा सोडली काय, दोन्ही वेळीं विमानावर पडणारा जोर सारखाच. या एका तत्त्वावर हा बोगदा उभा आहे. एका बाजूस मोठा पंखा, त्यापुढें अरुंद होत जाणारा मार्ग, आणि त्या मार्गांत तराजूवर बसविलेली विमानाची लहान प्रतिकृति. वारा सुटला म्हणजे प्रतिकृतीस वर उचलणारा जोर किती व मागें ओढणारा जोर किती, हें तो तराजू सांगतो. इंग्लंडांत वेनहॅम यांनीं १८७१ सालीं असा पहिला बोगदा तयार केला. जर्मनींतील लिलिएन्थाल हे पंख लावून टेकडीवरून झेप घेत. त्यांनीं शेंकडों झेपा घेतल्या, परंतु १८९६ सालीं अशाच एका झेपेंत पडून ते प्राणास मुकले. राइट बंधूंनीं यापासून बोध घेतला. १९०१ सालीं त्यांनीं सहा फूट लांबीची एक लांकडी पेटी केली, तींत वारा सोडून सुमारें दोनशें प्रकारचे लहान पंख तपासले, आणि त्या मापांवरून पुढील विमान आंखलें. ज्या चुकीची किंमत पूर्वीं प्राणांनीं द्यावी लागे, ती चूक आतां पेटींत सांपडूं लागली. वाऱ्याच्या बोगद्याचा खरा उपकार तो हा.

गॉटिंगेनचे प्रांट्ल हे या विद्येचे महर्षि होत. त्यांनीं १९०४ सालीं असें दाखविलें कीं, वाहती हवा कोणत्याही वस्तूवरून जातांना त्या वस्तूस अगदीं लागून असलेला हवेचा पातळ थर मंदावतो, आणि सारा ओढा व सारी खळबळ त्या थराच्या वागणुकीवर अवलंबून असते. आमच्या विद्यार्थ्यांस याचा दाखला वर्गांतच मिळेल. छतावरचा पंखा उन्हाळाभर गरगर फिरतो, तरी त्याच्या पात्यांवर धूळ बसलेली असते. इतक्या वाऱ्यानें ती उडून कां जात नाहीं? कारण पात्यास चिकटलेला हवेचा थर पात्याबरोबरच फिरतो. धुळीच्या कणास वारा असा लागतच नाहीं. १९०८ च्या सुमारास प्रांट्ल यांनीं दोन मीटर रुंद व दोन मीटर उंच असा बोगदा बांधला. त्यांतील हवा एकदां वापरून बाहेर टाकीत नसत. रहाटाच्या माळेप्रमाणें तीच फिरून पुन्हां पंख्यापाशीं येई. वेग सेकंदास सुमारें १० मीटर, म्हणजे आपल्याकडील जोराच्या वाऱ्याएवढाच. परंतु तो सारखा, अखंड व मोजलेला. जगांतील पुष्कळ बोगदे पुढें याच धर्तीवर झाले.

या गुरुगृहांत शिष्यांस काय शिकावयास मिळे, हें एका घटनेवरून ध्यानांत येईल. ती घटना घाटगे तेथें जाण्यापूर्वींची आहे. पॅरिसचा प्रसिद्ध मनोरा बांधणारे आयफेल यांनींही वाऱ्याचा बोगदा केला होता. एका साध्या गोलावर वारा सोडला असतां किती ओढ लागते, तें पॅरिस व गॉटिंगेन या दोन्ही ठिकाणीं मोजण्यांत आलें; आणि आयफेल यांचा आंकडा गॉटिंगेनच्या आंकड्याच्या निम्म्याहूनही कमी निघाला. कोणीही म्हणावें कीं, एकानें मोजण्यांत चूक केली. प्रांट्ल यांनीं तसें म्हणून प्रश्न सोडून दिला नाहीं. त्यांनीं आपल्या गोलास बारीक तारेचें एक कडें घातलें. तारेच्या अडथळ्यानें ओढ वाढावी असें वाटतें. परंतु ती घटली! तारेमुळें गोलालगतचा थर खळबळला, तो गोलास अधिक मागेंपर्यंत चिकटून राहिला, आणि पाठीमागची पोकळी लहान झाली. म्हणजे दोघांचींही मापें खरीं होतीं; दोन बोगद्यांतील वारा मात्र एकसारखा नव्हता. परीक्षा घेणाऱ्यानें प्रथम आपल्या परीक्षेचीच परीक्षा घेतली पाहिजे, हा धडा त्यांतून निघाला. मोठे वेग व मोठे बोगदे आले, तरी हा धडा आजतागायत जुना झालेला नाहीं.

तो काळ जर्मनीच्या इतिहासांत काळोखाचा होता. १९३३ सालीं नवी राजवट आली आणि केवळ यहुदी म्हणून गॉटिंगेनचे अनेक जगन्मान्य अध्यापक पदांवरून दूर करण्यांत आले. जेथें दूरदूरचे विद्यार्थी ज्ञानासाठीं येत, तेथें जन्मावरून माणसें निवडूं लागले. विद्येचें घर बांधावयास पिढ्या लागतात आणि तें मोडावयास एक वर्ष पुरतें, हें त्या नगरानें पाहिलें. अशा त्या दशकांत घाटगे यांनीं तेथें आपला अभ्यास पुरा केला व १९३६ सालीं डॉक्टर ही पदवी मिळविली.

पदवी घेऊन ते मायदेशीं परतले, तेव्हां येथें त्यांच्या विद्येस ठाव नव्हता. देशांत विमानें होतीं, पण तीं सर्व परदेशांत आंखलेलीं. विमान बांधण्याचा कारखाना नव्हता, विमानविद्या शिकविणारें महाविद्यालय नव्हतें. जगांतील पहिल्या प्रतीच्या गुरूपाशीं शिकलेल्या या तरुणानें कांहीं वर्षें अध्यापन करण्यांत घालविलीं. आम्ही शिक्षक आहों, म्हणून अध्यापनास आम्ही कमी लेखणार नाहीं. परंतु ज्यास आकाशांत उतरवावयाचे आराखडे डोळ्यांपुढें दिसत आहेत, त्यानें खडू घेऊन फळ्यापुढें वाट पाहत राहावें, यांत मनाची केवढी कसोटी लागत असेल, याचा विचार वाचकांनींच करावा. परदेशांत राहिल्यास अशा विद्वानास काम मिळणें कठीण नव्हतें. घाटगे येथेंच थांबले.

ती वाट फार वर्षें पाहावी लागली नाहीं. सोलापूरचे धाडसी उद्योगपति वालचंद हिराचंद यांनीं म्हैसूर संस्थानच्या साह्यानें डिसेंबर १९४० मध्यें बंगळूर येथें हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा कारखाना काढला. घाटगे त्यांत दाखल झाले. १९४१ सालीं त्यांच्या आराखड्यावरून दहा माणसें बसतील असें एक ग्लायडर, म्हणजे इंजिनावांचून तरंगणारें विमान, तयार झालें व उडालें. तें एकच बांधलें गेलें. महायुद्धाची धामधूम चालू होती. कारखान्यास दोस्त राष्ट्रांच्या विमानांच्या दुरुस्तीचें काम लागलें आणि नवीन रचनेचा विचार मागें पडला. परंतु आपल्या देशांत, आपल्या माणसांनीं आंखलेलें यंत्र हवेंत राहूं शकतें, हें त्या एका ग्लायडरानें दाखविलें.

दुरुस्तीच्या त्या वर्षांत घाटगे स्वस्थ बसले नाहींत. १९४२ च्या अखेरीस बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्यें विमानविद्येचा विभाग उघडला, त्याची धुरा त्यांच्याकडे आली. आपल्या देशांत ही विद्या पद्धतशीर शिकविण्याचा तो आरंभ होय. पुढें त्या विभागांत पांच फूट बाय सात फूट मापाचा वाऱ्याचा बोगदा उभा राहिला. तोही हवा फिरवून पुन्हां आणणारा, गॉटिंगेनच्याच कुळांतला. गुरूपासून शिष्यानें ग्रंथच आणावे असें नाहीं. कधीं कधीं तो घर बांधण्याची रीतही आणतो. परदेशी वाऱ्यावर परदेशी प्रतिकृति तपासल्या जात होत्या, त्या काळांत भारतीय विद्यार्थ्यांस स्वतःच्या हातानें पंख कोरून तो तराजूवर चढविण्याची सोय होऊं लागली.

स्वराज्य आल्यावर वैमानिकांस प्राथमिक शिक्षण देण्यासाठीं स्वदेशी विमान हवें, असें ठरलें. एच. टी. २ या नांवाचें तें विमान आंखण्याचें काम घाटगे यांच्या मंडळीकडे आलें. तें दोन आसनांचें होतें. एकामागें एक शिष्य व गुरु बसावयाचे. ऑगस्ट १९५१ मध्यें तें प्रथम उडालें. भारतीयांनीं आंखलेलें व भारतांत बांधलेलें, इंजिनाच्या बळावर चालणारें हें पहिलें विमान होय. त्याचें इंजिन मात्र विलायतेहून आणावें लागलें, ही गोष्ट आम्ही लपवीत नाहीं. तिचा संबंध पुढें येईल. अशीं सुमारें पावणेदोनशें विमानें कारखान्यानें बांधलीं. त्यांतील बारा आफ्रिकेंतील घाना या देशानें घेतलीं. तीन दशकांहून अधिक काळ आमच्या वायुदलाच्या तरुणांनीं आकाशांतील पहिला धडा याच विमानांत गिरविला. शिकाऊ विमानाची कसोटी वेगानें होत नाहीं. नवख्या हातून चूक व्हावयाचीच. ती चूक झाली असतां विमानानें त्या पोरास संभाळून घेतलें पाहिजे. जें विमान उद्यां कोणा आईबापांच्या मुलाच्या हातीं जावयाचें, तें आंखणाऱ्यावर केवढी जबाबदारी असते! बोगद्यांत प्रतिकृति चढवितांना ती जबाबदारी विसरतां येत नाहीं.

यानंतर १९५८ सालीं फ्लाइंग क्लबांसाठीं पुष्पक, १९५९ सालीं कृषक, आणि १९६४ सालीं जेट इंजिनाचें शिकाऊ विमान किरण हीं विमानें कारखान्यांतून बाहेर पडलीं. किरण विमानाच्या रचनेचें नेतृत्वही घाटगे यांचेंच होतें. १९६५ सालीं सरकारनें त्यांस पद्मश्री देऊन गौरविलें.

याच वर्षांत बंगळूरांत एक मोठा प्रयोग चालू होता. १९५६ सालीं जर्मन रचनाकार कुर्ट टँक हे तेथें आले आणि मारुत या लढाऊ विमानाचें काम सुरू झालें. ध्वनीच्या दुप्पट वेगानें जावें, अशी त्याची योजना होती. प्रथम त्याच्या पूर्ण आकाराचें लांकडी ग्लायडर बांधण्यांत आलें. १९५९ सालीं तें डकोटा विमानाच्या मागें बांधून उंच नेत व तेथें सोडून देत. मग वैमानिक तें तरंगत खालीं आणी आणि त्याचे गुणदोष टिपून घेई. म्हणजे आकाशाचाच बोगदा केला! १७ जून १९६१ रोजीं खरें मारुत उडालें. त्याचा आकार उत्तम ठरला. परंतु त्यास हवें तसें बलवान इंजिन शेवटपर्यंत मिळालें नाहीं, आणि ध्वनीच्या दुप्पट वेगाचें स्वप्न अपुरें राहिलें. १९७१ च्या युद्धांत त्यानें चांगली कामगिरी केली. तरी जें साधावयाचें होतें तें साधलें नाहीं, हें मान्य केलें पाहिजे. सुंदर पंखास परक्याचें हृदय लागत असेल, तर भरारी परक्याच्या मर्जीवर राहते. हें अपयश आम्ही मुद्दाम सांगतों. थोरांच्या चरित्रांतून केवळ यशच वेंचून मुलांपुढें ठेवणें हीही एक खोटी परीक्षाच होय.

ध्वनीचा वेग म्हणजे ताशीं सुमारें १,२२५ किलोमीटर. याच्या पांचपट वेगापलीकडील प्रांतास अतिवेगाचा प्रांत समजतात. जळगांवाहून धुळें सुमारें ९० किलोमीटर. या वेगानें जाणाऱ्यास तें अंतर कापावयास एक मिनिटही लागणार नाहीं. अग्निबाण व अवकाशांतून परतणारीं यानें याच प्रांतांतून जातात. येथें पंख्याचें काम नाहीं. मोठमोठ्या टाक्यांत हवा दाबून भरतात, ती एकदम सोडतात, आणि ती आधीं निमुळत्या व मग रुंदावत जाणाऱ्या तोटींतून प्रतिकृतीवर धांवते. दुसऱ्या टोंकास हवा काढून घेतलेली पोकळ टाकी तिला ओढून घेते. येथें एक नवलाची अडचण येते. रुंदावणाऱ्या तोटींत हवा फुगते व थंड पडते. ध्वनीच्या पांचपट वेगास पोंचतां पोंचतां साधी हवा शून्याखालीं दोनशें अंशांहूनही अधिक गार होते, आणि तिचें पाणी होण्याची भीति असते. म्हणून ती आधीं तापवावी लागते. इतका खटाटोप करून वारा मिळतो तो कांहीं सेकंदांचा. दुसऱ्या एका प्रकारच्या बोगद्यांत, जेथें धातूचा पडदा फोडून धक्क्याची लाट सोडतात, तेथें तर सेकंदाच्या हजाराव्या भागांच्या हिशेबानें. आमचा कुणबी तिवईवर घटका घटका वाऱ्याची वाट पाहतो. तेथील शास्त्रज्ञ दिवसचे दिवस तयारी करतो, तें डोळ्याचें पातें लवण्यापूर्वीं संपणाऱ्या वाऱ्यासाठीं.

घाटगे यांनीं ज्या विभागाचा पाया घातला, त्यांतच पुढें डॉ. सतीश धवन यांनीं १९५० नंतरच्या दशकांत, एक इंच बाय तीन इंच एवढ्या लहान मापाचा, परंतु ध्वनीहून वेगवान असा देशांतील पहिला बोगदा केला. १९७० च्या दशकांत तेथेंच धक्क्याच्या लाटेच्या बोगद्यावर अतिवेगाचें काम सुरू झालें. २०१७ सालीं तिरुवनंतपुरम येथें अवकाश-संशोधनासाठीं एक मीटर तोटीचा अतिवेग-बोगदा उभा राहिला. आणि डिसेंबर २०२० मध्यें हैदराबाद येथें संरक्षण-संशोधनासाठीं, ध्वनीच्या पांचपटीपासून बारापटीपर्यंत वेग देणारा तसाच एक मीटरचा बोगदा सुरू झाला. घाटगे हे पाहावयास नव्हते. ६ डिसेंबर १९९१ रोजीं, वयाच्या ८४ व्या वर्षीं, त्यांचें देहावसान झालें. अतिवेगाचे हे बोगदे त्यांनीं बांधले नाहींत. परंतु ज्या अंगणांत बी पडलें, तें अंगण सारवून ठेवणारांत त्यांचा हात पहिला होता.

विद्यार्थिमित्रांनो, परीक्षा जवळ आली कीं तुमचीं तोंडें उतरतात, आणि गुण कमी पडले कीं पालकांच्या कपाळास आठ्या पडतात. घाटगे यांच्या चरित्राचा उजेड घेऊन या गोष्टीकडे पुन्हां पाहावें, अशी आमची उभयतांस विनंति आहे. बोगद्यांत प्रतिकृति डळमळली, तर कोणी तीस शिक्षा करीत नाहीं. दोष कोठें आहे तें कळलें म्हणून आनंदच मानतात, कारण तोच दोष आकाशांत कळता तर एका माणसाचा जीव जाता. जो चोरून उत्तीर्ण होतो, त्याची परीक्षा टळलेली नसते; ती केवळ शाळेंतून उचलून पुढें आयुष्यांत ठेवलेली असते, आणि तेथें बोगद्याच्या भिंती नसतात. दोष आतांच दिसूं द्यावा, तो मोजावा, आणि पंख पुन्हां कोरावा. हसूरचंपूच्या एका मुलानें हें काम जन्मभर केलें, आणि त्याच्या पंखांवर विश्वास ठेवून किती तरी तरुण निर्भयपणें आकाशांत चढले व सुखरूप खालीं आले. याहून मोठें स्मारक कोणत्या शिक्षकास हवें?